परक्याची ठेव

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारचा महाप्रसाद आटोपून मंडळी अग्रशाळेच्या सोप्यावर सुपारी कातरीत बसली होती. आमच्या कुळाव्यांपैकी एक वयोवृद्ध सद्गृहस्थ, ज्यांना मी येथे केवळ नाना म्हणेन, मला खुणेने उठवून तळीच्या पायऱ्यांकडे घेऊन गेले. त्यांच्या पुतणीचे लग्न ठरत होते. मुलगा आपल्याच समाजातील, घराणे माहितीचे, नोकरी बरी. त्या मुलाने काही आठवड्यांपूर्वी आमच्या रुग्णालयात रक्तदान केले होते, हे नानांच्या कानी कोठून तरी आले होते. आणि त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी काम करीत असे. आवाज खाली आणून नाना म्हणाले, "पुता, तूं आमचोच न्हय? मातशें पळय आनी म्हाका सांग. हांव कोणाक सांगचों ना."

त्यांच्या मागण्यात वावगे असे काय होते? मुलीचा बाप ती लहान असतानाच वारलेला. तिचा सारा भार नानांनी आजवर वाहिलेला. आपण लग्न ठरविताना पत्रिका पाहतो, कुळ पाहतो, देवाचा प्रसादही घेतो. मग एखाद्या वडीलधाऱ्याला रक्तही पाहावे असे वाटले, तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे? अडचण निराळीच होती. मला काही पाहावे लागणार नव्हते. मला ते अगोदरच ठाऊक होते.

प्रसंग बऱ्याच वर्षांपूर्वीचा आहे. गाव, काळ आणि नाती यांच्या खुणा मी हेतुपूर्वक पुसल्या आहेत. ज्यांच्याविषयी तो आहे ते स्वतःस ओळखणार नाहीत अशी काळजी घेतली आहे. त्या पायरीवर मी काय उत्तर दिले ते पुढे येईलच. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात ठाण मांडून बसला, आणि सेवानिवृत्तीनंतरही तो उठून गेलेला नाही. प्रयोगशाळेत माणसाविषयी जे सत्य हाती लागते, त्याचा धनी कोण?

प्रयोगशाळेतील माणसाचे काम बाहेरच्यांना फारसे परिचित नसते. वैद्य रोग्याची नाडी धरतो, परिचारिका त्याची उशी सारखी करते. दोघांनाही त्याचा चेहरा दिसतो, कण्हणे ऐकू येते. आमच्यापुढे येते ती बोटभर लांबीची एक नळी. तिच्यावर नाव, वय, क्रमांक आणि वॉर्ड. नळी यंत्रात जाते किंवा तिच्यातील थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली येतो. त्यातून एक आकडा किंवा एक शब्द बाहेर पडतो, आणि तो कागदावर चढून पुन्हा त्या न पाहिलेल्या माणसाकडे जातो. त्या आकड्यावरून कोणाचे औषध वाढते, कोणाची शस्त्रक्रिया थांबते, कोणी घरी जातो, कोणी पोटच्या पोरांना बोलावून घेतो. आकडा लिहिणारा यांपैकी काहीच पाहत नाही. तीस-बत्तीस वर्षांत लक्षावधी नळ्या माझ्या हातांखालून गेल्या असतील. ज्यांचे चेहरे मी पाहिले, अशी माणसे त्यांत शंभरही नसावीत.

आपल्या गोमंतकातील कित्येक देवळांत प्रसाद घेण्याची रीत आहे. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावावयाच्या, गाऱ्हाणे घालावयाचे, आणि कोणत्या बाजूची पाकळी पडते याची वाट पाहावयाची. उजवी पडली की मनावरचा भार उतरतो. लहानपणी मी गर्भागाराच्या दाराशी उभा राहून हे पाहत असे, तेव्हा माझे लक्ष देवापेक्षा पाकळ्या लावणाऱ्या भटजींच्या बोटांकडे असे. त्यांनी एक पाकळी अंमळ कोरडी लावली आणि दुसरी अंमळ भिजवून, तर देव काय बोलणार हे त्या बोटांवर ठरेल, असा दुष्ट विचार माझ्या मनात येई. भटजी तसे करीत नसत. कौल मागणाऱ्याचा विश्वास देवावर असतो, हे खरे. पण देवापर्यंत पोचण्यापूर्वी तो विश्वास त्या बोटांवरून जातो, आणि बहुधा कौल मागणाऱ्यास याची जाणीवही नसते. दृष्टांत मी येथेच थांबवतो, कारण कौल तो कौल. त्यास चुकीची किनार नसते. आमच्या प्रत्येक आकड्यास ती असते, आणि ती किती रुंद आहे हे जाणून घेणे हाच आमच्या विद्येचा मोठा भाग आहे. परंतु बोटे तीच.

मी या नोकरीत शिरलो तेव्हा माझ्या एका आत्येस फार वाईट वाटले होते. दिवसभर परक्यांचे रक्त, थुंकी आणि मळमूत्र हाताळून आलेला मनुष्य संध्याकाळी देवाला फूल कसे घालणार, असा तिचा प्रश्न होता. मी तिला परोपरीने सांगितले की, आमचे सोवळे तुमच्याहून कडक आहे. आम्ही हातमोजे घालतो, घटकेघटकेला हात धुतो. रोगजंतू वाढविण्याच्या तबकडीवर आपला उच्छ्वासही पडू देत नाही, कारण तेथे नमुन्याचा जसा आम्हाला विटाळ, तसाच आमचा नमुन्याला. तिला ते मुळीच पटले नाही. ती गेली तोपर्यंत न्हाणीघरात माझा पंचा वेगळ्या खुंटीवर असे. मी त्या वेळी मनात हसत असे. आता वाटते, तिने प्रश्न योग्यच विचारला होता. केवळ विटाळाची जागा तिने चुकीची धरली होती.

ती जागा कोणती, हे एका साध्या उदाहरणावरून दाखवितो. आपल्या रक्तद्रवात पोटॅशियम नावाचे द्रव्य लिटरमागे साधारणतः 3.5 ते 5 मिलिमोल एवढे असते. ते 7 च्या पलीकडे गेले तर हृदय केव्हा अडखळेल याचा नेम नाही. हेच द्रव्य रक्तातील तांबड्या पेशींच्या आत मात्र बाहेरच्या मानाने वीस-पंचवीस पटींनी अधिक कोंडलेले असते. आता समजा, एखाद्या कृश बालकाचे रक्त काढताना शीर सापडली नाही, सुई बारीक होती आणि पिचकारीचा दट्ट्या जोराने ओढला गेला. पेशी फुटतात, त्यांच्या पोटातले पोटॅशियम बाहेर सांडते आणि यंत्र निर्विकारपणे 6.8 असा आकडा दाखविते. यंत्र खोटे बोलत नाही. नळीत 6.8 आहेच, बालकाच्या अंगात आहे की नाही, हा प्रश्न निराळा आहे. वरचे पिवळसर द्रव गुलाबी झाले आहे, ही एवढीच खूण असते. बालक खरोखरच संकटात असू शकेल, अथवा ठणठणीत असू शकेल. आणि वाईटातले वाईट म्हणजे त्याचे पोटॅशियम प्रत्यक्षात धोक्याइतके कमी असून सांडलेल्या पोटॅशियमने ते झाकले गेले असेल. अशा वेळी नवा नमुना मागवावा लागतो. वॉर्डातील परिचारिका चिडते, आई रडते, मुलाला दुसऱ्यांदा टोचतात. रात्री अडीच वाजता तो दूरध्वनी उचलण्यापेक्षा 6.8 लिहून मोकळे होणे किती सोपे! लिहिलेले खोटे ठरणार नाही. कोणी विचारले तर यंत्राची पट्टी दाखविता येईल. असत्याचा एकही शब्द न उच्चारता दुसऱ्याची दिशाभूल करता येते, हे मी धर्मग्रंथांत नव्हे, या गुलाबी नळ्यांत शिकलो.

नमुना मोरीत ओतून कागदावर शोभेसा आकडा लिहिणारेही या व्यवसायात निपजतात. त्यांच्याविषयी मी लिहीत नाही. चोराला नीतिशास्त्राची गरज नसते, फौजदाराची असते. मला चिंता वाटते ती सभ्य माणसाची, म्हणजे माझी.

प्रयोगशाळांनी स्वतःवर संशय घ्यावा, ही गोष्ट फार जुनी नाही. 1947 साली बेल्क आणि संडरमन या दोघा अमेरिकन वैद्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील रुग्णालयांच्या प्रयोगशाळांकडे एकसारखीच द्रावणे पाठवून उत्तरे मागविली. ती एकमेकांपासून इतकी दूर पडली की, त्या धक्क्यातून पुढे एकमेकांची परीक्षा घेण्याच्या पद्धतीचा उदय झाला. 1950 मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यातील मालाची प्रत राखण्यासाठी शूहार्ट याने काढलेला आलेख प्रयोगशाळेत आणला. रोज सकाळी, रोग्यांचे नमुने घेण्यापूर्वी, ज्याचे उत्तर अगोदर माहीत आहे असे एक द्रव तपासावयाचे. त्यास आम्ही 'कंट्रोल' म्हणतो. उत्तर ठरलेल्या दोन रेघांच्या आत आले तर पुढे जावयाचे. आता या रेघा सामान्यतः अशा आखतात की, सर्व काही सुरळीत असतानाही वीसांपैकी सुमारे एक उत्तर निव्वळ योगायोगाने बाहेर पडावे. सारी मेख येथे आहे. तपासण्या अनेक असल्या म्हणजे जवळपास रोज एखादा कंट्रोल रेघेबाहेर जातो; पुन्हा तपासला की बहुधा आत येतो. म्हणजे धोक्याची घंटा बहुतेक वेळा उगाच वाजते. उगाच वाजणाऱ्या घंटेचे माणूस काय करतो, हे देवळाशेजारी राहणाऱ्यांना सांगावयास नको. त्यांना आरतीही ऐकू येत नाही.

एका पावसाळी पहाटे साखरेचा कंट्रोल वर गेला. मी पुन्हा तपासला, पुन्हा वर. बाहेर सकाळचे नमुने येऊन पडले होते, उपाशी पोटी आलेली माणसे बाकांवर बसली होती. मी तिसऱ्यांदा तपासला. तो रेघेच्या आत, अगदी काठावर, येऊन बसला. मी तिसरा आकडा नोंदवहीत लिहिला आणि पहिले दोन लिहिले नाहीत. त्या क्षणी मी खोटे लिहितो आहे असे मला तिळमात्र वाटले नाही. उलट, दोन चुकले आणि एक बरोबर आला, असेच वाटले. कोणता बरोबर, हे मी कशावरून ठरविले? मला हवा होता त्यावरून. अकराच्या सुमारास माझ्या सहकाऱ्याच्या ध्यानात आले की अभिकर्मकाची बाटलीच बिघडली आहे. तोवर चाळीसेक माणसांची उत्तरे गेली होती. आम्ही ती पुन्हा तपासली. बहुतेकांत फरक थोडा होता. पण सहा-सात नळ्यांत पुन्हा तपासण्यापुरते रक्तच उरले नव्हते, आणि त्या माणसांतील काहीजण बाहेरगावचे होते, निघून गेले होते. मी वरिष्ठांस सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे नोंद केली, निघून गेलेल्यांना निरोप धाडण्याची व्यवस्था केली. मला ते रागावले नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

त्या सहा-सात जणांपैकी कोणाचे काय बिघडले, हे मला आजही ठाऊक नाही. बहुधा काहीच बिघडले नसावे. आपल्याकडे पापाला प्रायश्चित्त सांगितले आहे आणि अपराधाला क्षमा. परंतु ज्याचा अपराध केला तो माणूसच माहीत नाही, अपराधाचे फळही माहीत नाही, तेथे क्षमा कोणापाशी मागावी? देवापाशी मागता येते, असे कोणी म्हणेल. मी मागितलीही. पण मला राहूनराहून वाटते की, देवाने मला विचारले असते: ती ज्यांची होती, त्यांच्यापाशी गेला होतास काय?

येथे ठेव हा शब्द मला प्रथम सुचला. देवाचे दागिने महाजनांपैकी एखाद्याच्या ताब्यात असतात. वर्षातून एकदा ते पेटीतून निघतात, देवीच्या अंगावर चढतात आणि मोजून परत पेटीत जातात. ते ज्याच्या ताब्यात असतात त्याला ते वितळवून अधिक सुबक घडविता येत नाहीत, आणि शेजारणीला एका दिवसापुरते वापरावयास देता येत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच कारणासाठी वर्ज्य. माझ्या नळीतील आकडाही तसाच मला वाटू लागला. तो मला हवा तसा घडविणे हा एक भंग. तो भलत्याला देणे हा दुसरा.

पहिल्या बाबतीत सचोटी किती फलदायी होऊ शकते याचे उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. रक्तगट ओळखताना आम्ही दोन बाजूंनी पाहतो: पेशींवर कोणती खूण आहे, आणि द्रवात कोणत्या खुणेविरुद्ध शस्त्र आहे. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. मुंबईत असे काही रुग्ण आढळले की, पेशींवरून पाहता त्यांचा गट ओ वाटे. परंतु त्यांचे द्रव ओ गटाच्या पेशींनाही गोळा करी, जे ओ गटाच्या माणसाचे द्रव कधी करीत नाही. कोणाचेही रक्त त्यांना जुळेना. विसंगतीचे खापर नळीवर, घाणीवर, सहायकाच्या हातावर फोडून ओ लिहिणे सहज शक्य होते. आणि ओ रक्त चढविले असते तर ते रुग्णांच्या जिवावर बेतले असते. डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे, भाटिया यांनी ती विसंगती दडपली नाही. इंग्लंडातील तज्ज्ञांच्या साहाय्याने त्यांनी तिचा छडा लावला आणि 1952 साली 'लॅन्सेट' नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. ज्यांच्या पेशींवर ओ गटाच्या मुळाशी असलेली एच नावाची खूणच नसते, अशा माणसांचा तो गट आज जगभर 'बाँबे' या नावाने ओळखला जातो. तीन आकड्यांतून मला हवा तो निवडणारा मी, आणि न जुळणारे उत्तर न जुळणारे म्हणून लिहिणारे ते.

फळाची आशा न धरता काम करावे, हे वचन आमच्या कामाला लागू पडते असे पुष्कळांनी मला सांगितले. फळ आम्हाला दिसतच नाही, तेव्हा आशा कोठून असणार! परंतु फळाची आशा सोडणे आणि फळाची पर्वा सोडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रयोगशाळेत दुसरी पहिलीचे सोंग घेऊन सहज वावरते. लंडबर्ग या अमेरिकन विकृतितज्ज्ञाने 1972 मध्ये जीवघेण्या आकड्यांची यादी करून ते तात्काळ दूरध्वनीने कळविण्याची पद्धत मांडली. आज ती सर्वत्र रूढ आहे. आकडा लिहिला की माझे काम संपले, असे आता कोणास म्हणता येत नाही. रोग्याच्या उशाशी असलेल्या माणसाने तो ऐकला आणि परत उच्चारून दाखविला, म्हणजे संपले.

आता तळीच्या पायरीकडे परत येतो.

रक्तपेढीत आलेल्या प्रत्येक पिशवीची पाच रोगांसाठी तपासणी होते: एच.आय.व्ही., काविळीचे ब आणि क हे दोन प्रकार, उपदंश आणि हिवताप. पिशवीवर नाव नसते, क्रमांक असतो. पण त्या मुलाच्या पिशवीने एका चाचणीत प्रतिक्रिया दाखविली, पुन्हा तपासण्यासाठी नोंदवही उघडावी लागली, आणि मला नाव दिसले. कोणती चाचणी, ते सांगत नाही. दात्यास बोलावून समुपदेशकाकडे पाठविण्याची पद्धत होती. त्याप्रमाणे त्यास पत्र गेले होते. तो आला नव्हता.

नानांनी विचारले तेव्हा माझ्या मनात पहिल्याने जो विचार आला तो हिशेबाचा होता. समजा, हजार दात्यांत खरोखर बाधित असा एकच आहे. आणि चाचणी एवढी चांगली आहे की हजार निरोग्यांत केवळ पाचांवर ती खोटा आळ घेते. तरी हजारांत सहा पिशव्या प्रतिक्रिया दाखवितील, आणि त्या सहांतील पाच निर्दोष असतील. रक्तपेढीला ते चालते; संशयित पिशवी फेकून देण्यात कोणाची हानी नाही. पण पिशवी फेकणे निराळे आणि माणूस फेकणे निराळे. मला जे ठाऊक होते ते सत्य नव्हते, सत्याचा केवळ संशय होता. दुसऱ्या, अधिक कसोटीच्या चाचणीवाचून तो पक्का होणारा नव्हता. नानांच्या कानात मात्र त्याचे एका क्षणात सत्य झाले असते, आणि संध्याकाळच्या पालखीपर्यंत ते सर्व कुळाव्यांत फिरले असते.

हा हिशेब अचूक आहे. तरीही मी त्याच्या आड लपू इच्छित नाही. दुसरी चाचणी झाली असती आणि संशय पक्का ठरला असता, तर? एका पोरक्या मुलीचे आयुष्य दुसऱ्या पारड्यात होते.

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो. कौशिकाचे सदैव सत्य बोलण्याचे व्रत होते. दरोडेखोरांच्या भयाने काही माणसे वनात लपली. दरोडेखोरांनी विचारताच कौशिकाने ती कोठे आहेत ते खरे सांगितले. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. न बोलता सुटता आले तर बोलूच नये, असे श्रीकृष्ण सांगतो. परंतु मौनानेच संशय येणार असेल तर काय करावे, याचाही तो विचार करतो, आणि त्याचे उत्तर सत्यव्रत्यांना रुचण्यासारखे नाही. ही कथा आठवून पुष्कळ जण सुटल्याचा निःश्वास टाकतात. मला ती पुरेशी वाटली नाही. नाना दरोडेखोर नव्हते. ते एका मुलीचे पालक होते आणि त्यांची भीती खरी होती. माझ्या गोष्टीत लपलेली माणसे दोन होती, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि एकाला लपविले तर दुसरे उघडे पडत होते.

वाट दाखविली ती एका साध्या गोष्टीने. त्या मुलाला स्वतःला अद्याप काहीच ठाऊक नव्हते. त्याच्या रक्ताविषयी जे त्यालाच कोणी सांगितले नव्हते, ते तळीच्या पायरीवर दोन माणसे आपसात वाटून घेणार होती! धनी अद्याप आलाच नव्हता आणि आम्ही पेटी उघडून बसलो होतो. मुलीला वाचविण्याचे माझे कर्तव्य असेल, तर ते नानांच्या कानात नव्हते. त्या मुलाला शोधून त्याची गोष्ट त्याच्या हाती पोचविण्यात होते. मी नानांना म्हणालो, "नाना, तें हांव सांगूंक शकना."

नानांनी माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "म्हणल्यार कितें तरी आसा."

काहीही नसते तरी मी हेच म्हटले असते, असे मी त्यांना सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यांचे बरोबर होते. कारण त्यापूर्वी मी तसे म्हटले नव्हते. नानांच्याच बहिणीचा गाठीचा अहवाल बाहेर येण्यापूर्वी मी त्यांना जिन्यात गाठून, चिंतेचे कारण नाही, असे सांगितले होते. शेजाऱ्यांची साखर, मित्रांचे हिमोग्लोबिन, कोणाच्या सुनेची आनंदाची बातमी, अशा कितीतरी गोष्टी मी मायेपोटी हळूच सांगून टाकल्या होत्या, आणि लोक मला दुवा देत. चांगली बातमी फोडण्याची मोकळीक ज्याने घेतली, त्याचे मौन हीच वाईट बातमी होऊन बसते. हे मला त्या पायरीवर कळले. कौशिकाने एकदाच तोंड उघडले होते. मी वर्षानुवर्षे प्रत्येक सुखद उत्तराने माझे एकेक मौन बोलके करीत आलो होतो.

लग्नापूर्वी दोन्ही पक्षांनी तपासणी करून घ्यावी, एवढे सर्वसामान्य वाक्य तरी बोलावे काय? तेही मी ओठांवर आणून गिळले. एरव्ही ते निरुपद्रवी आहे. त्या क्षणी, माझ्या तोंडून, ते उत्तरच ठरले असते.

सोमवारी मी समुपदेशकांकडे गेलो आणि तो मुलगा समोर येऊन बसेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडला नाही. पत्रावर विसंबू नका, माणूस पाठवा, असा हट्ट धरला. हा माझ्या कामाचा भाग नव्हता, असे एका वरिष्ठाने मला ऐकविले. असेल.

या बाबतीत आपल्या कायद्यानेही बरीच वाट चालली आहे. 1998 साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच खटला आला होता: एका गृहस्थाने दुसऱ्यासाठी रक्त देऊ केले, तपासणीत एच.आय.व्ही. आढळला, रुग्णालयाकडून ते बाहेर पडले आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. न्यायालयाने रुग्णालयास दोष दिला नाही. नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्क मोठा मानला. पुढे 2017 चा एच.आय.व्ही. विषयक कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला. त्यान्वये त्या माणसाच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास सामान्यतः मनाई आहे. जोडीदारास सांगण्याची मुभा आहे ती काही अटींवर, आणि तीही डॉक्टर वा समुपदेशक यांनाच, त्या माणसास आधी समजावून झाल्यावर. 1998 च्या निकालात वधूची कळकळ आहे हे मी नाकारीत नाही. माझ्या मते मात्र कायद्याने नंतर काढलेला क्रम अधिक शहाणपणाचा आहे: आधी धनी, मग त्याच्याकडून ज्याचा हक्क असेल तो. प्रयोगशाळेतल्या माणसाचे नाव त्या क्रमात कोठेच नाही, आणि नसावे.

त्या जत्रेनंतर मी सुखद बातम्या फोडण्याचेही बंद केले. पत्नीच्या सख्ख्या बहिणीचे हिमोग्लोबिन मी तिला सांगितले नाही. उत्तम होते, तरी खिडकीवरून कागद घे, असे म्हटले. घरात चार दिवस अबोला होता. मी शिष्ट झालो, नोकरीत बढती मिळाल्याने डोके फिरले, असे गावात बोलले जाई. माझे मौन पुन्हा मुके व्हावयास सुमारे तीन वर्षे लागली. त्यानंतर लोकांनी विचारणेच सोडले.

त्या मुलाची दुसरी चाचणी काय निघाली, लग्न झाले की मोडले, मुलगी आज कोठे आहे, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटत असेल. मला ते सर्व ठाऊक आहे. नानांनी माझ्याशी बोलणे टाकले ते कायमचे. दरवर्षी पालखीच्या वेळी ते सभामंडपाच्या उजव्या खांबापाशी बसत, म्हणून मी डाव्या बाजूस बसू लागलो. ते वारले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या मुलाने मला पाणी दिले आणि काही विचारले नाही.